पट्टीवरची तिसरी ओळ

अकोल्याला धाकट्या बहिणीकडे गेले होते. अंगणातल्या फरशीवर पाय अडखळला, हात टेकला आणि मनगट मोडलं. जिन्यावरून नाही, गाडीवरून नाही, नुसती उभ्यानं पडले. बहीण म्हणाली, "एवढ्याशानं हाड मोडते काय वं ताई?" प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनाही तोच प्रश्न पडला. त्यांनी शुगरच्या गोळ्या बघायला मागितल्या.

अमरावतीत मला 'तीन औषधं एकात' अशी गोळी लिहून दिली होती. सात वर्षं घेत होते. दुकानदार दहा-दहा गोळ्या कापून देतो, त्यात नावाचा भाग बहुतेकदा दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे जातो. त्या दिवशी बहिणीकडचं भिंग धरून वाचलं. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि तिसऱ्या ओळीत पायोग्लिटाझोन.

औषध वाईट नाही. शुगर उतरवतं, स्वस्त आहे. पण मज्जेतल्या ज्या पेशींनी हाड बांधायचं, त्यांना ते चरबीच्या वाटेला लावतं. बायकांचे हात, मनगटं, घोटे यामुळे जास्त मोडतात, हे कंपनीनंच २००७ मध्ये डॉक्टरांना कळवलं होतं. आपल्याकडे २०१३ मध्ये काही आठवडे त्यावर बंदी आली, ती मूत्राशयाच्या कॅन्सरच्या धास्तीनं. पेपरात तेवढंच गाजलं. हाडांची बातमी कुणी केल्याचं मला आठवत नाही. पाळी गेलेल्या बाईला ही गोळी देताना मलाही कुणी हाडांचं विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही.

म्हणून सांगते, मनानं गोळी बंद करू नका. शुगर भडकली तर दुसरंच दुखणं. पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा, पाळी कधी गेली, आधी कधी हाड मोडलंय का, ते सांगा. हाडांची घनता तपासली आणि आकडा बरा आला तरी निर्धास्त होऊ नका. मधुमेहात हाड दिसतं भक्कम, असतं ठिसूळ. ग्लिमेपिराइडनं शुगर खाली जाऊन गरगरतं, त्यानं पडायला होतं, तेही हाड मोडण्याच्या धोक्यात धरा.

हाडांचं हे गोळ्यांपुरतंच नाही. माझी भाची वजन उतरवायचं इंजेक्शन घेते. टिर्झेपेटाइड २०२५ पासून आपल्याकडे मिळतं. वजन भराभर उतरलं की हाडावरचा भार आणि स्नायू दोन्ही कमी होतात. भूक मरते, म्हणून ती वरण-दहीसुद्धा सोडून बसली होती. तिला आधी जेवायला बसवलं, मग डॉक्टरांना विचारून वजनं उचलायला लावली.

माझी गोळी बदलली. आता दुकानात म्हणते, "भाऊ, अख्खी पट्टी दे." तो हसतो, पण देतो.