विकी काढतेयस, तर एवढं ऐक

पायथन शिकणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी विकी काढतेयस, उत्तम. सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं यावर मात्र महिनाभर काथ्याकूट करू नका. मीडियाविकीला डेटाबेस लागतो, डोकुविकीचं साध्या मजकुराच्या फायलींवर भागतं. सांभाळणारे दोघंतिघंच असाल तर डोकुविकी घ्या आणि विषय मिटवा.

डोकं चालवायचं ते पानं कुठली करायची यावर. अधिकृत मॅन्युअल मराठीत उतरवायला बसू नकोस. पायथनची नवी आवृत्ती दर वर्षी येते, त्या शर्यतीत तुम्ही पुरे पडणार नाही. पोरं जिथे पुन्हापुन्हा अडखळतात तिथली पानं कर, आणि त्यातही जी दुसऱ्या कुणाला सुचणार नाहीत ती आधी. पायथनला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचार, ५ असं उत्तर येईल. आपल्याला अक्षरं दिसतात ३, पण पायथन म, र, काना, ठ आणि वेलांटी असं सुटंसुटं मोजतं. हेच स्विफ्टमध्ये विचारलंस तर ३ येतात. आता पायथनमध्ये हा शब्द उलटा छापून बघ: वेलांटी सगळ्यांच्या पुढे निराधार लटकते आणि ‘रा’चा काना ‘ठ’ला जाऊन चिकटतो. हे असं का होतं ते आपल्याच माणसाने लिहायला हवं, दुसरं कोण लिहिणार?

असं एक पान नीट झालं की त्याच्या शेवटी ‘मराठी नावं अकारविल्हे कशी लावायची’ असा दुवा दे, पण ते पान तू लिहू नकोस. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिला विकी लोकांना खुला केला, त्यात न लिहिलेल्या पानाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह दिसायचं. त्यावर टिचकी मारायची आणि लिहायला लागायचं. नवख्याचा हात अशा नेमक्या जागी चालतो. उलट ‘लवकरच येत आहे’ अशी पन्नास पानं टांगून ठेवलीस, तर येणारा आल्या पावली परत जाईल.

आपल्याकडे आणखी एक गोम आहे. ‘हे सरांनी लिहिलंय’ म्हटलं की चूक दिसत असूनही कुणी हात लावत नाही. म्हणून पानाच्या डोक्यावर लेखकाचं नाव नको. कुणी काय लिहिलं ते इतिहासात राहतंच. मराठी विकिपीडियावर सरावाला धूळपाटी आहे, तशी तुमच्याकडेही ठेव. आणि सरांचं वाक्य एखाद्या पोराने सुधारलं, तर सरांनाच चारचौघांत त्याचं कौतुक करायला लाव. गुण आणि बिल्ल्यांच्या नादी मात्र लागू नका. स्टॅक ओव्हरफ्लोने २०१६ मध्ये अशीच, गुण देणारी सामुदायिक डॉक्युमेंटेशनची सोय काढली होती. तिथे गर्दीला तोटा नव्हता, तरी २०१७ च्या ऑगस्टमध्ये ती बंद करावी लागली.

प्रत्येक पानाच्या वर एक ओळ सक्तीची: कोड कुठल्या आवृत्तीवर चालवून पाहिला, आणि कधी. पायथन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये, पायथन २ चा आधार सुटला १ जानेवारी २०२० ला. मधली अकरा वर्षं दोन्ही शेजारी शेजारी नांदली आणि नेटवर दोन्हींची सरमिसळ होऊन बसली. कंसाशिवायचं प्रिंट पायथन ३ वर निदान बोंब तरी मारतं. पण ७ भागिले २ याचं उत्तर जुन्यात ३ येतं, नव्यात ३.५, आणि कुठेही एरर नाही! बिचारा शिकणारा आपलंच चुकलं म्हणून डोकं धरून बसतो.

लायसन्स पहिल्या दिवशी ठरव. हॅस्केलवाल्यांच्या जुन्या विकीवर ते ठरलेलंच नव्हतं, त्यामुळे नव्या विकीवर जाताना लिहिणाऱ्यांच्या परवानगीशिवाय मजकूर हलवता येईना. मजकुराला क्रिएटिव्ह कॉमन्स ठीक आहे. कोडच्या तुकड्यांना एमआयटीसारखं मोकळं लायसन्स दे, कारण लोक ते उचलून थेट नोकरीच्या कामात चिकटवणार. तू नको म्हटलंस तरी चिकटवणारच.

स्पॅमवाले पहिल्याच आठवड्यात येतील. पायथनच्या मूळ विकीवरही आधी मागून घेतल्याशिवाय संपादनाचा हक्क मिळत नसे. तुम्हीही खातं माणसाकरवी मंजूर करा, पण त्याच दिवशी करा. चार दिवस ताटकळलेला माणूस परत येत नाही. ‘अलीकडील बदल’ रोज सकाळी बघायची पाळी दोघांत वाटून घ्या. कुणाचा बदल उलटवलात तर का उलटवला ते एका ओळीत लिहा, मग तो बदल कितीही फालतू असो.

बॅकअप दुसऱ्या यंत्रावर ठेव. डिसेंबर २०१२ मध्ये मॉइनमॉइन या विकी-सॉफ्टवेअरमधल्या भगदाडातून कुणीतरी पायथनच्या विकीत शिरलं आणि पायथन व जायथन या दोन्ही विकींचा डेटा पुसून गेलं. त्यामुळे बॅकअप नुसता घेऊन भागत नाही, अधूनमधून त्यातून अख्खा विकी उभा करून बघायचा. आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे, बिल कुणाच्या कार्डावर जातं, ते कार्ड कधी संपतं, हे निदान दोघांना ठाऊक असू दे. ते विकीवर मात्र लिहून ठेवू नकोस.