हिरा, जकात आणि पावती

हिरा आपल्या घरी कशाला येणार, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण हिऱ्याच्या नावाने फसवणारा फोन कोणाच्याही घरी येतो. म्हणून हा धडा.

एके काळी हिरा आपल्या मुलखातच निघत असे. गडचिरोली जिल्ह्यात वैरागड नावाचे गाव आहे. तिथे हिऱ्यांची खाण होती. अकबर बादशहाच्या काळच्या 'ऐन-इ-अकबरी' या ग्रंथात तिची नोंद आहे. ती खाण कधीच बंद पडली. आज आपल्या देशात बहुतेक कच्चे हिरे परदेशातून येतात. सुरतेचे कारागीर त्यांना पैलू पाडतात.

आता हिशेब पाहू. भंडाऱ्याच्या बाजारात तुम्ही पितळी गुंड घेतला. तो गावी आणायला टेम्पोचे भाडे पडले. मग गुंड केवढ्याला पडला? किंमत अधिक भाडे. परदेशी मालाचेही तसेच. त्यात सरकारी कराची भर पडते, एवढेच. परदेशातून येणाऱ्या मालावर केंद्र सरकार जो कर घेते, त्याला आयात जकात किंवा सीमाशुल्क म्हणतात. लोक त्याला नुसते 'कस्टम' म्हणतात.

समजा, कोणी परदेशातून १,००,००० रुपयांचा हिरा मागवला. विमानाचे भाडे आणि विमा मिळून २,००० रुपये झाले. जकात नुसत्या हिऱ्यावर नाही, तर या १,०२,००० रुपयांवर बसते. हिशेब सोपा जावा म्हणून जकात शेकडा १० धरू. ती झाली १०,२०० रुपये. बेरीज १,१२,२०० रुपये. आता या बेरजेवर जीएसटी लागतो. म्हणजे जकातीवरही कर भरावा लागतो. तो शेकडा ३ धरला तर ३,३६६ रुपये. एकूण झाले १,१५,५६६ रुपये. रुपयांचे डॉलर करताना बँक काही पैसे कापते, ते वेगळेच.

हे दर आपण नुसते धरले आहेत. खरा दर मालाप्रमाणे वेगळा असतो आणि सरकार तो बदलते. सन २०२४ च्या जुलै महिन्यात सोन्यावरची जकात शेकडा १५ वरून ६ वर आणली. म्हणून माल मागवण्याआधी त्या वेळचा दर विचारावा. दुकानदाराला एकच गोष्ट विचारावी, "घरपोच केवढ्याला पडेल?"

आता त्या फोनची गोष्ट. ओळख नसलेला माणूस मोबाईलवर गोड बोलतो. परदेशातून हिऱ्याची अंगठी भेट पाठवली, असे सांगतो. चार दिवसांनी दुसरा फोन येतो. "तुमचे पार्सल कस्टमने अडवले आहे. पैसे भरा, नाहीतर पोलीस येतील." घाबरून माणूस धान विकलेले पैसे पाठवतो. मग दंड म्हणून आणखी मागतात. अंगठी काही येत नाही. ती मुळात नसतेच.

अशा वेळी घाबरू नका, भाऊ. तीन गोष्टी पाहा.

१. मालाची किंमत किती, दर किती, कर किती, हे लेखी मागा. ठग ते देत नाही.

२. पैसे कोणाच्या खात्यात मागतो ते पाहा. जकात सरकारजमा होते आणि तिची पावती मिळते. कस्टमचा अधिकारी फोन करून खासगी खात्यात पैसे मागत नाही.

३. कस्टमचे पत्र असेल तर त्यावर डीआयएन नावाचा क्रमांक पायजे. तो खरा की खोटा, हे सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. गावच्या शिकलेल्या पोराकडून पाहून घ्या.

पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

प्रश्न

१. जकात कोणत्या रकमेवर बसते?
२. किंमत ५०,००० रुपये, भाडे व विमा १,००० रुपये, जकात शेकडा १०. जकात किती झाली?
३. "पार्सल अडवले आहे" असा फोन आला तर तुम्ही काय विचाराल?