चाळिशीनंतर शिकता येतं का?

प्रश्न : कलबुर्गीतल्या आमच्या डाळमिलमध्ये चाळिशी ओलांडलेल्या बायकांना दोन दिवस वर्ग घेऊन प्रतवारी शिकवली. आठवड्यात विसरल्या. या वयात डोक्यात शिरत नाही का?
— एक वाचक, आळंद

उत्तर : शिरतं, काळजी नको. अडलं ते नुसतं ऐकवल्यामुळे. जन्मभर तूर पाखडलेले हात आहेत ते, तिथूनच सुरुवात करा. अख्खी डाळ, चुरी, टरफल राहिलेले दाणे सुपात मिसळून द्या. निवडू द्या, कारण विचारा. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेही आवर्जून सांगा. रोज पाळीच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं, त्यांच्याच मराठी-कन्नडमध्ये. आठवड्याने पुन्हा करून घ्या. यंत्राचा पट्टा मात्र पूर्ण बंद करूनच दाखवा, आणि पदर खोचलेला असू द्या.