पंखा गुरगुरतो, कूलर कोणता घ्यावा?

प्रश्न : रायझन ५ ७६०० सोबत आलेला कूलर काम वाढलं की जोरात आवाज करतो. पाण्याचा कूलर घ्यावा का?

उत्तर : गरज नाही. हा ६५ वॉटचा प्रोसेसर जोर लावला तरी साधारण ८८ वॉटच घेतो. सोबत आलेला रेथ स्टेल्थ कूलर ठेंगणा आहे. त्याच्या छोट्या धातूच्या गाभ्यातून तेवढी उष्णता काढायची, तर पंख्याला वेगानं फिरावं लागतं आणि आवाज तिथूनच येतो. मोठा पंखा तेवढीच हवा कमी फेऱ्यांत ढकलतो. म्हणून उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या आणि १२० मिमीचा पंखा असलेला टॉवर कूलर इथे भरपूर झाला. पाण्याच्या कूलरमध्ये पंखे असतातच, वर पंपाची घरघर. शांततेसाठी तो घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

खरेदीआधी कॅबिनेट मोजा, ही पायरी बरेच जण विसरतात! ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा एनएच-यू१२एस १५८ मिमी उंच आहे, तर एनएच-डी१५ तब्बल १६५ मिमी. अरुंद कॅबिनेटचं झाकण त्यावर लागणारच नाही.

त्याआधी एक फुकटचा उपाय करून पाहावा. प्रोसेसरचं तापमान क्षणात चढतं-उतरतं आणि पंखा प्रत्येक चढावर दचकतो. कानाला खुपतो तो हा चढउतार. बायोसमध्ये पंख्याचा प्रतिसाद काही सेकंद उशिरा ठेवावा, साठ-सत्तर अंशांपर्यंत वेग सपाट राहू द्यावा. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, त्यामुळे सत्तरीला घाबरायचं कारण नाही. जाळीतली धूळ मात्र आधी झटकावी.