मोटार जळण्याआधी

बापू, केनवडला मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकायचं तू ठरवलंस, याचा मला मनापासून आनंद आहे. कॉइल भरायला तू आयटीआयत शिकलास. गिऱ्हाईक जोडणं आणि वाईट हंगाम अंगावर काढणं मात्र धंद्यातच शिकावं लागतं. त्यातलं थोडं आधीच सांगून ठेवतो.

गिऱ्हाईक आपल्या दारात येतं तेव्हा मोटार जळालेली असते, हरभरा पाण्याला आलेला असतो आणि रात्रीची लाइन फुकट चाललेली असते. त्या घडीला माणूस दिसेल त्या दुकानात शिरतो. म्हणून तुझी त्याची ओळख मोटार जळण्याआधी झालेली पाहिजे. सोयाबीन निघालं की लोक रब्बीच्या ओलिताच्या मागे लागतात. त्याच्या जरा आधी वावरात जा. बेअरिंगचा आवाज ऐक, स्टार्टरचे पॉइंट पाहा, मेगर लावून वाइंडिंगला ओल धरली आहे का ते सांग. या फेरीचे पैसे घेऊ नकोस. निघताना स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतून ऑइलपेंटनं तुझा नंबर आणि तारीख घाल. रात्री मोटार बंद पडली की माणूस बॅटरी घेऊन त्या पेटीपाशीच जातो. दुकानावरचा मोठा बोर्ड तेव्हा त्याच्या कामाचा नसतो.

जळालेली मोटार उघडशील ती त्याच्यासमोर उघड. स्टार जोडणीच्या मोटारीत एक फेज गेला असेल, तर दोन फेजच्या कॉइल काळ्या पडतात आणि तिसरी तशीच पिवळी राहते. ते त्याला बोटानं दाखव. तिन्ही सारख्या काळ्या असतील तर लोड जास्त झाला किंवा व्होल्टेज कमी पडलं, हे समजावून सांग. मोटार का जळाली हे कळलेला शेतकरी पारावर बसून चार जणांना ते सांगतो, आणि सांगताना तुझं नाव घेतो. व्हॉट्सॲपच्या स्टेटसलाही असाच फोटो टाक आणि खाली कारण लिही. सुविचार टाकणारे गावात पुष्कळ आहेत.

तांब्याच्या बाबतीत फार जप. जुनी तार निघाली की त्याच्यादेखत वजन कर आणि त्याची त्याला दे, किंवा मोडीचा भाव बिलातून वजा कर. ॲल्युमिनियमची तार भरणार असशील तर तोंडानं सांग आणि बिलावरही लिही. आपल्या धंद्यात माणसं तुटतात ती जास्त करून तारेपायी.

एक वही ठेव. कुणाची मोटार, किती एचपीची, तारेचा गेज, टर्न, जळण्याचं कारण, तारीख. उधारी वेगळ्या वहीत. तारेचे पैसे आधी घे, कारण तारेचा दुकानदार ते तुला सोडणार नाही. मजुरी थांबली तरी चालेल. मागायला जायचं ते सोयाबीन विकल्यावर, नाहीतर तूर निघाल्यावर. त्यातही बाजारावर लक्ष ठेव. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी भाव मिळत होता. अशा साली वसुलीसाठी दारात उभं राहिलास तर पैसेही येत नाहीत आणि गिऱ्हाईकही जातं. पावसाळ्यात ओलिताच्या मोटारी थांबतात, तेव्हा चक्की, पंखे, मिक्सर हाती घे. उन्हाळ्यात कूलर आहेतच. ते काम हलकं समजू नकोस. घरातल्या बाईचा विश्वास बसला की वावरातली मोटारही तुझ्याकडेच येते.

पहिलं वर्ष कोरडं गेलं तर लक्ष्मणराव किर्लोस्करांना आठव. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते असं त्या काळी शेतकरी मानायचे, आणि पहिला नांगर खपायला त्यांना दोन वर्षं लागली. माल चांगला होता, तरी तो लोकांना समजावून द्यावा लागला. पुढे 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याचा माल आणि त्याची माहिती गावोगाव पोचवणारं ते मासिक. माहिती देत राहणाऱ्याकडे लोक येतात, हे त्या घरानं शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

आता खरी काळजी सौरपंपाची. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला दहा टक्केच हिस्सा भरावा लागतो आणि पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे. म्हणजे आपल्या काही मोटारी जाणार, हे धरूनच चाल. त्यावर रागावून उपयोग नाही. सौरपंप बसवणाऱ्या माणसांबरोबर हंगामभर हाताखाली काम कर, कंट्रोलर उघडायला शीक, आणि पंप कोणत्या वावरात कधी बसला ते आपल्या वहीत लिही. हमीची पाच वर्षं संपतील तेव्हा त्या शेतकऱ्याला तुझा नंबर आधीपासून माहीत पाहिजे.

आणि भरलेली मोटार आठवड्यात परत आली, तर दुकानात वाद घालू नकोस. मीटर घेऊन वावरात जा, लाइन आली की तिन्ही फेजचं व्होल्टेज त्याच्यासमोर मोज आणि मगच बोल.