भ्रष्टाचार दुसऱ्यांचाच असतो का?



मागच्या महिन्यात नववी-दहावीच्या वर्गांना मी एक प्रश्न दिला : 'भ्रष्टाचार म्हणजे काय आणि तो कोण करतं?' कागदावर नाव लिहायचे नव्हते, म्हणून मुलांनी मोकळेपणाने लिहिले. बहुतेक कागदांवर नेते, मंत्री, पोलीस आणि बाबू होते. मग मी विचारले, 'हेल्मेट नव्हते, चौकात पकडले, पावती न घेता शंभर रुपये देऊन सुटलो. हा भ्रष्टाचार का?' वर्गात हशा पिकला. एक जण म्हणाला, "सर, इतकं तर चालतंच."

मुलांना दिसते ते खोटे नाही, पण अर्धे आहे. देणाऱ्याचा हात त्यांना दिसत नाही.

'ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल' ही संस्था १९९५ पासून देशांचा भ्रष्टाचारविषयक निर्देशांक काढते. २०२४ च्या निर्देशांकात भारताला १०० पैकी ३८ गुण मिळाले आणि १८० देशांत ९६ वा क्रमांक लागला. पण हे गुण तज्ज्ञ आणि व्यावसायिकांच्या मतांवरून ठरतात. मुलांचे मत मात्र घरात, जेवणाच्या ताटावर ऐकलेल्या गोष्टींवरून बनते.

आपल्या मध्य प्रदेशातील 'व्यापम' प्रकरण तुम्ही ऐकले असेल. जुलै २०१३ मध्ये वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या वेळी दुसऱ्यांच्या नावाने पेपर द्यायला आलेले तोतये इंदूर पोलिसांनी पकडले आणि मोठे जाळे उघडकीस आले. हुशार मुलगा पुढे 'इंजिन', पैसे देणारा मागे 'बोगी', अशी बैठकीची व्यवस्था करून नक्कल होत असे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने २००८ ते २०१२ या काळातील ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द केले. काहींचे शिक्षण पूर्णही झाले होते. सारे पाण्यात गेले. पण त्या जागांवर ज्यांचा खरा हक्क होता, रात्र-रात्र अभ्यास करणारी ती मुले कोण होती? त्यांची यादी कुठेच छापली गेली नाही. भ्रष्टाचारात नुकसान होते ते अशा नाव नसलेल्या माणसाचे. उद्या तो तुमच्यापैकीच कोणी असू शकतो.

एका मुलीने विचारले, "सर, पैसे दिल्याशिवाय काम होतच नसेल तर?" प्रश्न रास्त आहे. म्हणून थोडा कायदा समजून घ्या.

१. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनुसार लाच देणाराही दोषी आहे. सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जबरदस्तीने द्यावी लागली, तर सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास संरक्षण मिळते.

२. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. केंद्र सरकारच्या कार्यालयात अर्जाची फी फक्त १० रुपये आहे.

३. आपल्या राज्यात २०१० पासून लोकसेवा गॅरंटी कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला दिला नाही, तर अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो.

आता माझीच एक गोष्ट. बरीच वर्षे झाली. एका दाखल्यासाठी एका कार्यालयात माझ्या चार चकरा झाल्या. पाचव्या वेळी मी फाइलमध्ये नोट ठेवली आणि तासाभरात दाखला हातात आला. माझी मुलगी बरोबर होती, तेव्हा आठवीत. घरी येताना तिने इतकेच विचारले, "बाबा, त्या पैशांची पावती नाही मिळाली?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. वर्गातला हशा ऐकला तेव्हा मला तोच प्रश्न आठवला. त्या मुलांना मी रागावू शकलो नाही. त्यांनी हे शिकले ते आम्हा मोठ्यांकडूनच.

पालकांना आणि विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे की, मुलांसमोर 'ओळख लावली', 'काम काढून घेतले' असे अभिमानाने सांगू नये. शाळाही आपल्याकडून घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती देईल. न मिळाल्यास सरळ माझ्याकडे यावे.

गृहपाठ (इयत्ता ८ वी ते १० वी) : घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारा, 'पैसे न देता तुम्ही कोणते काम करून घेतले? किती वेळ लागला?' उत्तर दहा ओळींत लिहून आणा. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू, नावांशिवाय.

आपला,
प्राचार्य