छायाचित्रणाचा छंद

इ. स. १९०० मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडक कंपनीने ‘ब्राउनी’ हा पुठ्ठ्याचा कॅमेरा एका डॉलरला विकावयास काढला आणि छायाचित्रण मुलांच्या हाती आले. एका फिल्मवर सहाच चित्रे निघत. म्हणून कळ दाबण्यापूर्वी नीट पाहावे लागे. हीच सवय अरण्यातही उपयोगी पडते. भारतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार बांधली. रात्री तिला पाय लागताच वाघाचे चित्र आपोआप निघे. अशी चित्रे त्यांच्या १९२७ च्या पुस्तकात आहेत. आज चित्रे हवी तितकी काढता येतात. तथापि चित्रासाठी घरट्यावरील फांदी बाजूस सारू नये, हे शिक्षकांनी मुलांच्या मनावर बिंबवावे. उघडी पडलेली पिले उन्हाने दगावतात वा कावळ्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. पाखरू सुखरूप राहिले, तरच चित्र चांगले.